हिवरे बाजारची ग्रामसभा : पाण्याच्या हिशेबाचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापनेचा दिवस, संस्थापकांची नावे, इमारतीचा कोनशिला समारंभ आणि अध्यक्षांची यादी, अशी आपल्याकडची रीत आहे. ग्रामसभेचा इतिहास या रीतीने लिहिता येत नाही. तिला संस्थापक नसतो, सभासद वर्गणी नसते आणि राजीनामा देऊन तिच्यातून बाहेरही पडता येत नाही. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक माणूस तिचा सभासद असतो. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात ग्रामसभेची तरतूद पहिल्यापासून आहे. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिले, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपाशी ही संस्था आहे.

प्रत्यक्षात काय घडते, हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. विषयपत्रिका फलकावर लागते, शिपाई दवंडी देतो, ठरल्या वेळी दहा-पंधरा माणसे जमतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या खेपेला मोजक्या माणसांत ठराव लिहिले जातात आणि सह्यांसाठी प्रोसिडिंग बुक घरोघर फिरते.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हीच ग्रामसभा गावाचे सर्वांत मोठे बळ म्हणून वापरली. या गावाविषयी लिहिले-बोलले पुष्कळ गेले आहे. बहुतेक वेळा त्यात बंधाऱ्यांची संख्या येते, कोट्यधीश शेतकऱ्यांचे कौतुक येते आणि पोपटराव पवार यांचे नाव येते. हे सारे खरे आहे. पण बंधारे जिल्ह्यात इतरत्रही बांधले गेले, धडपडे सरपंचही इतरत्र झाले. हिवरे बाजारमध्ये वेगळे झाले ते हे की गावाने दरवर्षी एकत्र बसून पाण्याचा आणि पैशाचा हिशेब उघडपणे मांडला आणि त्या हिशेबाप्रमाणे वागायचे ठरवले. गावाची तीन दशकांची खरी कमाई ही आहे, आणि म्हणून इथे त्या ग्रामसभेचा इतिहास मांडत आहे.

दुष्काळाने मोडलेले गाव

नगर शहराच्या पश्चिमेला साधारण सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, लोकसंख्या सव्वा हजाराच्या आसपास. भोवती डोंगर आहेत आणि पाऊस पर्जन्यछायेतल्या प्रदेशात पडावा तेवढाच, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातही तो चार-सहा मोठ्या सरींत येतो आणि उतारावरून वाहून जातो.

जुन्या काळी गाव कुस्तीसाठी नावाजलेले होते. तालमीत घुमणारी पोरे आणि दूधदुभत्याची घरे ही त्याची ओळख होती. १९७२ च्या दुष्काळाने ती घडी विस्कटली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळातून पुढे आली. खडी फोडायला आणि रस्त्याच्या कामाला माणसे गेली. दुष्काळ सरल्यावरही पूर्वीची शेती पुन्हा उभी राहिली नाही. डोंगरावरची झाडे सरपणासाठी तुटली, उघड्या उतारावरची माती ओघळींनी वाहून नेली, विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला लागू लागल्या. ज्यांना शक्य होते ते मुंबई-पुण्याला गेले. जे मागे राहिले त्यांतल्या अनेकांनी हातभट्टी लावली. पुढे जी संख्या गावानेच सांगितली ती बावीस दारूभट्ट्यांची होती. भांडणे, मारामाऱ्या आणि पोलीस ठाणे रोजचे झाले. सरकारी नोकराची इथे बदली झाली की ती शिक्षा समजली जाई.

याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत, १९७५ पासून अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिरापासून गावाच्या उभारणीचे काम सुरू केले होते. नाला बांध, श्रमदान आणि व्यसनमुक्ती यांतून दुष्काळी गाव सावरू शकते, हे राळेगणने दाखवले होते. हिवरे बाजारच्या तरुणांपुढे हे उदाहरण होते, म्हणून ‘आपल्याकडे काही होणार नाही’ हे वाक्य त्यांना पटेनासे झाले.

१९८९ : बिनविरोध निवड आणि पहिले काम

१९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच होण्याचा आग्रह धरला. पोपटराव एम.कॉम. झालेले, गावातले पहिले पदव्युत्तर, आणि चांगले क्रिकेट खेळणारे. घरच्यांची इच्छा त्यांनी शहरात नोकरी करावी अशी होती. निवड बिनविरोध झाली.

नव्या पंचायतीने पहिल्यांदा शाळा हाती घेतली, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली होती. पाण्याचे काम काढले असते तर कोणाच्या शेतात बांध, कोणाच्या विहिरीला पाझर, असा वाद पहिल्याच बैठकीत उभा राहिला असता. शाळेच्या कामात कोणाचा तोटा नव्हता. वर्गखोल्यांना श्रमदान मिळाले, मैदानाला जागा मिळाली, शिक्षकांनी वेळेवर यावे आणि मुलांनी शाळेत टिकावे यासाठी पालकच लक्ष घालू लागले. गावाने एकत्र येऊन ठरवलेली गोष्ट पूर्ण होते, हा अनुभव लोकांना बऱ्याच वर्षांनी आला. पुढच्या अवघड ठरावांसाठी लागणारा विश्वास याच कामातून तयार झाला.

दारूभट्ट्यांचा प्रश्न त्यानंतर आला. भट्टी बंद करा असे सांगणे सोपे, पण त्या घरची चूल कशावर पेटणार? गावाने भट्टीवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा आणि दुसऱ्या धंद्याला लावण्याचा मार्ग धरला. बंदी घालताना पर्यायाची सोय करायची, हे ग्रामसभेचे धोरण तेव्हापासून दिसते.

पंचसूत्री ग्रामसभेत आली

राज्य शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली. राळेगणचा अनुभव इतर गावांपर्यंत नेणे हा तिचा हेतू होता. योजनेत येणाऱ्या गावाला पाच गोष्टी मान्य कराव्या लागत : नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंब नियोजन आणि श्रमदान. हिवरे बाजारची निवड नव्वदच्या दशकाच्या मध्याला झाली. कामासाठी गावानेच यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था उभी केली. शासनाचा निधी या संस्थेमार्फत खर्च व्हायचा आणि तिने ग्रामसभेला हिशेब द्यायचा, अशी रचना होती. काम करणारी संस्था वेगळी आणि जाब विचारणारी सभा वेगळी, ही विभागणी पुढे फार उपयोगी पडली.

पाच सूत्रे कागदावर सही करून मान्य करणारी गावे पुष्कळ होती. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत प्रत्येक सूत्राची चर्चा झाली, कारण प्रत्येकात कोणाचे तरी नुकसान होते. चराईबंदी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांवर संकट. कुऱ्हाडबंदी म्हणजे सरपण आणणाऱ्या बायकांची अडचण. गवताबाबतचा तोडगा असा निघाला की जनावर डोंगरावर सोडायचे नाही, मात्र गवत विळ्याने कापून डोक्यावरून घरी न्यायला प्रत्येकाला मोकळीक. जनावर चरते तेव्हा ते कोवळे रोपही खाते आणि खुराने मातीही उकरते. कापलेले गवत पुन्हा फुटते. पुढे डोंगरावरच्या गवताचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. बांधावर चारा आला तशी शेळ्यांच्या जागी संकरित गाई आल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गावातून दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध जाई. पुढच्या पंधरा वर्षांत ते चार हजार लिटरच्या घरात पोचले. ज्या भूमिहीनांना विहिरीच्या पाण्याचा थेट फायदा होत नव्हता, त्यांना या चाऱ्याने हात दिला.

कालांतराने सूत्रांत भर पडली. उघड्यावर शौचाला जाणे बंद झाले आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी आली. या दुसऱ्या बंदीकडे पुढे वळू.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

पाणलोटाचे काम डोंगरमाथ्यापासून सुरू करायचे हा नियम आहे, आणि तो मोडण्याचा मोह प्रत्येक गावाला होतो. ओढ्यावरचा सिमेंट बंधारा दिसतो, त्याचे उद्‌घाटन करता येते, फोटो निघतो. डोंगरावर खणलेला चर दोन पावसाळ्यांत गवताखाली झाकला जातो. हिवरे बाजारने वन विभागाच्या मदतीने आधी डोंगर धरला. उजाड झालेल्या सुमारे सत्तर हेक्टर वनजमिनीवर समतल चर खणले गेले आणि झाडे लावली गेली. गावाने सांगितलेल्या नोंदींत चरांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास आहे. त्यानंतर खाली मातीचे बांध, दगडी बांध, पाझर तलाव आणि सिमेंट बंधारे झाले.

चराचे काम समजून घेण्यासारखे आहे. उतारावर समान उंचीच्या रेषेत खणलेला चर पळणाऱ्या पाण्याला तिथेच थांबवतो. पाणी मातीत मुरते, माती चरात साठते आणि चराच्या भरावावर लावलेले झाड तग धरते. माथ्यावर वेग मोडला की खालच्या बंधाऱ्यात गाळ कमी येतो आणि तो लवकर भरून निकामी होत नाही. माथा सोडून पायथ्याला बंधारे बांधणाऱ्या गावांचे बंधारे थोड्याच वर्षांत गाळाने भरतात, हे आपण जिल्ह्यात पाहिले आहे.

हळूहळू विहिरींची पातळी वर आली. नव्वदच्या आसपास असलेल्या विहिरींची संख्या दोनशेच्या पुढे गेली. खरिपाच्या बाजरीवर थांबणारी शेती रब्बीत गेली, कांदा, बटाटा, भाजीपाला आणि फुले आली. १९९५ च्या पाहणीत १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ मध्ये ती ५३ झाली आणि २०१० पर्यंत तीनवर आली. शहरात गेलेली अनेक कुटुंबे घराचे कुलूप काढून परत आली.

पाण्याचा ताळेबंद

इथपर्यंतचा इतिहास इतर काही गावांचाही आहे. पाणी वाढते, समृद्धी येते, ऊस किंवा फळबाग येते, बोअर वाढतात आणि पंधरा वर्षांनी तेच गाव पुन्हा टँकरच्या यादीत दिसते. पाणलोटाच्या कामानंतरचा हा उतार बहुतेकांना चुकवता आलेला नाही. हिवरे बाजारने तो चुकवला, याचे कारण पाण्याचा ताळेबंद.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावाने भूजल सर्वेक्षण विभागाच्या मदतीने हे काम सुरू केले. शिवारात पर्जन्यमापके बसली, निवडक विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या गेल्या. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, जमिनीत साधारण किती पाणी मुरले, याचा अंदाज काढायचा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवायचा. मग वाटप. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, दुसरा घरच्या वापराचा. उरलेल्यातले सत्तर टक्के शेतीला आणि तीस टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीतच शिल्लक. शेतीच्या वाट्याला जेवढे आले त्यावर रब्बीत काय घ्यायचे, उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, हे ठरते. पाऊस कमी असेल त्या वर्षी उन्हाळी भाजीपाल्याचा विषय तिथेच संपतो.

या हिशेबाची ताकद कळण्यासाठी साधे गणित करून पाहावे. ९७६ हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरते सुमारे ९७ लाख ६० हजार लिटर. चारशे मिलिमीटरच्या वर्षात गावाच्या शिवारावर साधारण ३९० कोटी लिटर पाणी पडते. आता गावाची पिण्याची आणि घरची गरज पाहा. माणशी रोज ५५ लिटर धरले तर साडेबाराशे लोकांना वर्षभरात अडीच कोटी लिटर लागतात. म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस! बाष्पीभवन, वाहून जाणारे पाणी आणि जनावरांची गरज, सगळे वजा केले तरी चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात प्यायला पाणी नसावे असे निसर्गाने काही ठरवलेले नाही. ते कुठे आणि कोणत्या पिकाला गेले, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही, तहसीलदारालाही नाही. ते फक्त सगळ्या गावाला एकत्र बसून देता येते.

ऊस नको, बोअर नको

सहकारी साखर कारखानदारीचा जन्म आपल्या जिल्ह्यातला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी उभा राहिलेला कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. उत्तरेकडच्या कालव्यांच्या पट्ट्यात उसाने घरे उभी केली, शाळा-महाविद्यालये उभी केली. त्या जिल्ह्यात राहून ऊस लावायचा नाही असा ठराव करणे हे धाडस होते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने ऊस आणि केळी या दोन्ही पिकांना मनाई केली.

यामागचे कारण वरच्या गणितातच आहे. उसाला हंगामभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. जेमतेम सव्वा हेक्टर, म्हणजे तीन एकर उसाला लागणारे पाणी सगळ्या गावाला वर्षभर पुरते. कालव्याच्या गावाला हा हिशेब वेगळा असेल, पावसावर आणि विहिरींवर जगणाऱ्या गावाला तो टाळता येत नाही.

बोअरवेलचेही तसेच. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत पाणी साठते, आणि उघडी विहीर त्या थरातले पाणी घेते. त्या थरात किती पाणी आहे हे विहिरीत डोकावून कोणालाही दिसते आणि पाणी खाली गेले की उपसा आपोआप थांबतो. बोअर त्याखाली दोनशे-तीनशे फूट जाते. तिथले पाणी साठायला फार काळ लागलेला असतो, ते किती उरले हे दिसत नाही, आणि एकाने बोअर घेतले की शेजाऱ्याला त्याहून खोल जावे लागते. ही स्पर्धा एकदा सुरू झाली की ताळेबंदाला अर्थ उरत नाही. म्हणून शेतीसाठी बोअर नाही, हा नियम ताळेबंदाच्या मुळाशी आहे.

गावातली जमीन बाहेरच्यांना विकायची नाही, असाही ठराव ग्रामसभेने केला. शहर जवळ आहे, पाणी आले की जमिनीला भाव येतो. ज्याने श्रमदानाला घाम गाळला नाही आणि जो ग्रामसभेत बसणार नाही, त्याच्या हाती विहीर गेली तर नियम पाळणार कोण, हा त्यामागचा विचार आहे.

२००३ आणि २०१२ च्या दुष्काळांत जिल्ह्यातल्या शेकडो गावांत टँकर धावत होते. हिवरे बाजारला टँकर लागला नाही. पाऊस तिथेही कमीच होता. फरक एवढाच की पेरणीपूर्वी गावाने आपला हात आखडता घेतला होता.

पाण्यापलीकडचे ठराव

ग्रामसभेची सवय लागली की ती फक्त पाण्यापुरती राहत नाही. घरोघरी शौचालये झाली. लग्नापूर्वी वधू-वरांची एचआयव्ही तपासणी करण्याचा निर्णय गावाने घेतला, त्या काळी शहरातही हा विषय बोलला जात नव्हता. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे म्हणून दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाची आणि लग्नाची जबाबदारी उचलण्याचे गावाने ठरवले. गावात मुस्लीम कुटुंब एकच. त्यांना नमाजासाठी दूर जावे लागू नये म्हणून गावाने मशीद बांधून दिली. गावाचे म्हणणे असे की ग्रामसभेचा सभासद म्हणून त्या एका घराचा हक्क इतरांएवढाच आहे.

महिलांच्या सहभागाचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद पुढे कायद्यात आली. हिवरे बाजारमध्ये दारूबंदीपासून शौचालयांपर्यंत बहुतेक सामाजिक ठरावांना खरा रेटा महिलांचा होता. दारूचा आणि पाण्याचा भार डोक्यावर वाहणाऱ्या त्याच होत्या. सरपंचपद महिलांसाठी राखीव झाले तेव्हा गावाच्या कारभाराची गाडी पूर्वीच्याच मार्गाने चालू राहिली. संस्था व्यक्तीवर किती अवलंबून आहे, हे अशा वेळी कळते.

कसोटीची वर्षे

गावाचा सन्मान पुष्कळ झाला. २००७ मध्ये केंद्र शासनाचा राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्याच्या आदर्श गाव संकल्प व प्रकल्प समितीचे कार्याध्यक्ष म्हणून त्यांनी हिवरे बाजारचा अनुभव इतर गावांपर्यंत नेला. देशातून आणि परदेशातून येणारे अभ्यासक, अधिकारी आणि विद्यार्थी हे गावाच्या रोजच्या जीवनाचा भाग झाले.

तरी दोन प्रसंग सन्मानापेक्षा महत्त्वाचे वाटतात. पहिला, जानेवारी २०२१ ची ग्रामपंचायत निवडणूक. तीन दशके बिनविरोध निवडी होत आल्या होत्या. त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्यक्ष मतदान झाले. सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलने जिंकल्या. निकालाइतकेच मोल मतदान झाले याला आहे. ग्रामसभेत मतभेद मांडायचा हक्क आणि निवडणुकीत उभे राहायचा हक्क हे दोन्ही एकाच गावात नांदू शकले. बिनविरोध निवड हे एकोप्याचे लक्षण असू शकते, पण एकोपा टिकतो की नाही हे मतपेटीतून गेल्यावरच पक्के कळते.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा, करोनाच्या दुसऱ्या लाटेचा. गावाने स्वयंसेवकांची पथके केली, घरोघर तपासणी झाली, बाधितांना वेळेवर वेगळे ठेवले, आणि मे महिन्यात गाव करोनामुक्त झाले. त्याची दखल देशभर घेतली गेली. ज्या गावाला चर खणण्यासाठी आणि विहीर मोजण्यासाठी गट करण्याची सवय होती, त्याला तापाची नोंद ठेवण्यासाठी गट करायला वेळ लागला नाही. संकट नवे होते, मंडळी आणि शिस्त जुनी.

जिल्ह्याने आणि देशाने घेतलेला धडा

सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या चोंडीचा. त्यांनी देशभर बांधलेल्या विहिरी, बारवा आणि घाट अनेक ठिकाणी आजही वापरात आहेत. त्यांच्या नावाने आता ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात पाण्याच्या सार्वजनिक कामाची परंपरा जुनी आहे. राळेगणसिद्धीने श्रमदान आणि व्यसनमुक्ती शिकवली. त्या परंपरेत हिवरे बाजारची स्वतःची भर म्हणजे वाटपाचा हिशेब.

ती भर आता धोरणांतही दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने अटल भूजल योजना सुरू केली. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक ग्रामपंचायतींनी आपला पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यावर पाणी सुरक्षा आराखडा करावा, अशी तिची रचना होती. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने हे काम त्याच्या कितीतरी आधी हाती घेतले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. कुरण, जंगल, भूजल अशी सामायिक संपत्ती वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः देखरेख ठेवली तर ती टिकते, असा त्यांचा निष्कर्ष. हिवरे बाजारच्या शेतकऱ्याला त्यात नवे काही वाटणार नाही. गुरे राखण्यापासून विहीर मोजण्यापर्यंत तो हेच करत आला आहे.

पुढची वाटचाल

इतिहास लिहिताना पुढचे प्रश्नही लिहून ठेवले पाहिजेत. ज्यांनी टंचाईची वर्षे पाहिली, डोक्यावरून पाणी आणले, भट्टीची भांडणे सोसली, त्या पिढीला ठराव पटवून द्यावे लागले नाहीत. आज शाळेत असलेल्या मुलांनी भरलेल्या विहिरीच पाहिल्या आहेत. त्यांना ताळेबंद हा जुना रिवाज वाटू नये म्हणून गावाने शाळेत पाण्याचा हिशेब शिकवायला सुरुवात केली, हे योग्यच झाले. पावसाचे स्वरूपही बदलते आहे. एका दिवसात महिन्याचा पाऊस आणि मग पाच-सहा आठवडे कोरडे, असे आता वारंवार घडते. चाळीस हजार चरांची डागडुजी हे न संपणारे काम आहे. शहराच्या जवळ असल्यामुळे जमिनीवरचा दबावही वाढतच जाणार.

या प्रश्नांना कायमचे उत्तर देणारा ठराव नसतो. ऊस लावायचा नाही हे एकदा ठरवून भागले नाही, ते दरवर्षी नव्या पिकाच्या आणि नव्या भावाच्या मोहापुढे पुन्हा ठरवावे लागले. तीस टक्के पाणी राखायचे हे प्रत्येक कमी पावसाच्या वर्षी नव्याने मान्य करावे लागले. ग्रामसभेचे सातत्य याला म्हणतात.

या स्मरणिकेचे वाचक जिल्ह्याच्या वेगवेगळ्या भागांतून असतील. त्यांतल्या प्रत्येकाच्या गावात ग्रामसभा आहे, मतदारयादी आहे आणि पाऊसही पडतो. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घालायला सूचक आणि अनुमोदक अशी दोन माणसे पुरतात : आपल्या शिवारात यंदा पाऊस किती पडला आणि तो कशाला वापरायचा. पहिल्या वर्षी आकडे अंदाजे असतील, वाद होतील, गणपूर्तीही कदाचित होणार नाही. तरी तो विषय दुसऱ्या वर्षी पुन्हा ठेवावा. हिवरे बाजारलाही शाळेच्या खोलीपासून पाण्याच्या ताळेबंदापर्यंत पोचायला दशकाहून अधिक काळ लागला होता.